खाल्लेलं अंगाला का लागत नाही?

गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर पुन्हा तो मेसेज फिरत आला: साखर, भात, पोळी बंद करा, कॅन्सरची गाठ उपाशी मरेल. आत्या आजारी होती तेव्हाही आला होता. तिला तर काही बंद करायची गरजच नव्हती. अन्नावरची वासनाच उडाली होती. हात वर केला की पाटल्या घसरून कोपरापाशी जायच्या. आम्ही म्हणायचो, "खात नाही ना, म्हणून." आणि दोन घास खा, दोन घास खा करत तिच्या मागे लागायचो.

ही निम्मीच गोष्ट होती. साध्या उपासमारीत शरीर आधी चरबी जाळतं आणि स्नायू होता होईल तेवढे राखतं. कॅन्सरमधल्या या अवस्थेत, जिला डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात, चरबीबरोबर स्नायूही झपाट्याने झिजतात. गाठीमुळे शरीरभर दाह पेटलेला असतो. त्या दाहातले रेणू स्नायूंमधल्या प्रथिनांवर 'मोडीत काढा' अशा चिठ्ठ्या चिकटवत सुटतात. म्हणून थोडंफार पोटात गेलं तरी ते अंगाला लागत नाही.

पण भूकच का मरते? याचं एक उत्तर मला फार आवडतं. मेंदूच्या तळाशी, मानेच्या बाजूला, एक चिमुकला भाग आहे, एरिया पोस्ट्रेमा. रक्तातल्या नको त्या गोष्टी मेंदूत शिरू नयेत म्हणून जी भिंत असते, ती इथे मुद्दाम झिरपती ठेवलेली आहे. कारण याचं कामच रक्ताची चव घेऊन विष ओळखणं. शरीरातल्या पेशी संकटात सापडल्या की जीडीएफ-१५ नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. ते नेमकं कुठे पोचतं हे बरीच वर्षं कोडं होतं. २०१७ साली चार वेगवेगळ्या गटांनी त्याचा ग्राहक, म्हणजे ते जिथे जाऊन चिकटतं ते पेशीवरचं प्रथिन, जीफ्राल, शोधून काढला आणि तो सापडला फक्त मेंदूच्या या मागच्या भागात, एरिया पोस्ट्रेमा आणि त्याला लागून असलेल्या एका केंद्रात. निरोप एकच: काहीतरी विषारी पोटात गेलंय, खाणं थांबव. गरोदरपणात हेच प्रथिन वारेतून भरपूर येतं, आणि तेव्हाच्या मळमळ-उलट्यांशी त्याचा संबंध आता चांगलाच सिद्ध झालाय. पहिल्या तीन महिन्यांत फोडणीच्या वासानेही पोटात ढवळतं, ते आठवा. कॅन्सरच्या कितीतरी पेशंटना महिनोन्‌महिने तसंच वाटत असतं, आणि आपण त्यांना हट्टी म्हणतो.

जीडीएफ-१५ला अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या औषधाची १८७ पेशंटवरची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांत सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांचं वजन खोटं औषध (दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं) घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २.८ किलोंनी जास्त भरलं. त्याआधी, २०२३ मध्ये, पुदुच्चेरीच्या जिपमर या सरकारी वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी मनोविकारावरचं जुनं, स्वस्त ओलान्झापिन रोज २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं होतं. केमो चालू असलेल्या १२४ पेशंटवरच्या त्या चाचणीत ६० टक्के जणांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं. खोट्या गोळीवाल्यांत फक्त ९ टक्क्यांचं. (मेडिकलमधून स्वतःच आणू नका. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.)

आता त्या मेसेजकडे. गाठ ग्लुकोज अधाशासारखं खाते, हे खरं. १९२० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्गने ते दाखवलं. पण तुम्ही भात सोडलात तर यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं. म्हणजे गाठीची पंगत चालूच, खर्च मात्र मांड्या-दंडांचा. नुसत्या गव्हांकुराच्या रसावर राहण्याचंही तेच.

ओळखायचं कसं? वजनकाट्याने. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप गेलं, म्हणजे ६० किलोंतले तीनाहून अधिक, तर डॉक्टरांना सांगा. मुळातच किडकिडीत असेल तर २ टक्केसुद्धा पुरे. जाड माणसाचे झिजलेले स्नायू दिसत नाहीत, आणि पोटात किंवा पायांत पाणी साठलं तर काटाही फसवतो.

आणि जेवणाआधी तोंड तपासा. तोंड आलंय का, जिभेवर पांढरा थर आहे का, बद्धकोष्ठ, वेदना, उदासी आहे का? यांवर उपाय असतात, आणि भूक कधीकधी तेवढ्यानेच परतते. भरलेलं ताट समोर ठेवू नका. वाटीभर, दिवसातून सहा वेळा. गार अन्नाला वास कमी, त्यामुळे दहीभात, श्रीखंड चालून जातं. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर प्लॅस्टिकचा चमचा द्या. प्रथिनं किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम हवीत, आणि एका अंड्यात जेमतेम ६ असतात. तेव्हा दूध पावडर, शेंगदाण्याचं कूट, पनीर जिथे खपेल तिथे घाला. झेपेल तेवढं चालणंही हवं. नुसतं खाऊन स्नायू भरत नाहीत.

आजार फार पुढे गेल्यावर मात्र यातलं बरंचसं लागू पडत नाही, आणि भरवल्याने त्रासच वाढतो. आत्याने शेवटी फक्त कलिंगडाच्या गार फोडी मागितल्या. काकू म्हणाली, "यात प्रोटीन कुठंय?" तरी दिल्या. तिने तीन खाल्ल्या.