इंग्रजीतील संकेतार्थी वाक्ये

'इफ'ने जोडलेल्या इंग्रजी वाक्याचे दोन भाग पडतात: अट सांगणारे गौण वाक्य आणि परिणाम सांगणारे मुख्य वाक्य. दोन्हींतल्या क्रियापदांचे काळ एकमेकांना बांधलेले असतात. पाठ्यपुस्तके शून्य, पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार पाडतात. शिकवायला ते सोयीचे आहेत, पण पुरे पडत नाहीत.

नेहमीच घडणाऱ्या गोष्टीसाठी दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ येतो. पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीसाठी अटीत वर्तमानकाळ आणि परिणामात 'विल': 'इफ इट रेन्स, वी विल स्टे होम'. पाऊस उद्याचा असला तरी अटीत 'विल' घालत नाहीत. 'इफ यू विल वेट अ मोमेंट' मात्र चालते, कारण तिथला 'विल' थांबायची तयारी विचारतो.

खरी गोम दुसऱ्या प्रकारात आहे. 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस' यातला 'हॅड' रूपाने भूतकाळी, पण पैसे नाहीत ते आज. भूतकाळाचे रूप इथे गोष्ट वास्तवात नाही एवढेच सुचवते. 'इफ आय वेअर यू' मधला 'वेअर' हाही जुन्या रूपाचा अवशेष. बोलताना तिथे 'वॉज'ही सर्रास येतो. न घडलेली गोष्ट भूतकाळातलीच असेल, तर रूप आणखी एक पायरी मागे सरकते: 'इफ शी हॅड कॉल्ड, आय वुड हॅव कम'. लेखी भाषेत 'इफ' गाळून 'हॅड शी कॉल्ड' असेही लिहितात.

'इफ ही वॉज ॲट होम येस्टरडे, ही सॉ द लेटर' हे वाक्य या चौकटीत कुठेच बसत नाही, तरी ते बिनचूक आहे. तो काल घरी असेलही, म्हणून इथला भूतकाळ खरोखरच कालचा.

मराठीत 'तो आला असता, तर मी गेलो असतो' असे दोन्हीकडे एकाच घडणीचे रूप येते. त्या सवयीने 'इफ ही वुड हॅव कम' तोंडून निघते. अमेरिकी बोलण्यातही ते ऐकू येते, पण परीक्षेत गुण जातात. 'उद्या पाऊस पडला तर' याचे थेट 'इफ इट रेन्ड टुमॉरो' केले, तर व्याकरण चुकत नाही. फक्त पाऊस येईलसे बोलणाऱ्याला फारसे वाटत नाही, असा अर्थ होतो.