लिनक्सवाले खरंच फुकटे होते का?

विंडोजसारखीच संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली फुकट मिळते, मग ती वापरणारा गेमसाठी खिशात हात कशाला घालेल? हा समज गेम कंपन्यांमध्ये बरीच वर्षं घट्ट बसला होता. लिनक्सला लावल्या जाणाऱ्या ‘फ्री’ या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ होतात, त्यानेही घोळ वाढवला. मराठीत तरी मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं.

समजाला बळ मिळालं ते लोकी सॉफ्टवेअरच्या शेवटामुळे. स्कॉट ड्रेकर यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. विंडोजवर गाजलेले गेम परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे आणि विकायचे, हा धंदा. १९९९ मध्ये ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’ने सुरुवात झाली. ऑगस्ट २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज आणि जानेवारी २००२ मध्ये कंपनीला टाळं. लिनक्सवर गेम विकले जात नाहीत, हे सिद्धच झालं म्हणे!

पण ‘क्वेक ३ अरीना’ या गेमचं काय झालं ते बघा. लोकीने त्यासाठी खास पत्र्याचा डबा काढला, मात्र विंडोजची सीडी दुकानात आधी पोचली. लिनक्सवर चालवायची फाइल इंटरनेटवरून उतरवून घेता येत होती, त्यामुळे अनेकांनी विंडोजचीच सीडी घेतली. गिऱ्हाइकाने पैसे मोजले, पण ते विंडोजच्या खात्यावर जमा झाले. डब्यांचा खप पाहून लिनक्सवाल्यांना चिकट ठरवणं म्हणूनच मला पटत नाही. लोकीत असलेल्या सॅम लँटिंगा यांची ‘एसडीएल’ ही लायब्ररी (गेम बनवताना वापरायचा तयार कोडचा संच) मात्र टिकली, आजही असंख्य गेम तिच्यावर चालतात.

चित्र पालटलं ते मे २०१० मध्ये. वुल्फायर गेम्सच्या ‘हंबल इंडी बंडल’मध्ये ‘वर्ल्ड ऑफ गू’, ‘अ‍ॅक्वारिया’ यांसारखे छोट्या कंपन्यांचे गेम एकत्र होते. कॉपी रोखणारं कुलूप नाही आणि किंमत गिऱ्हाइकाने ठरवायची. फुकट्यांसाठी आयती संधी! विंडोजवाल्यांनी सरासरी ८ डॉलरच्या आसपास दिले, मॅकवाल्यांनी १०, आणि लिनक्सवाल्यांनी १४ हून जास्त. एकूण जमा साडेबारा लाख डॉलरच्या पुढे गेली. दहा लाखांचा टप्पा ओलांडल्यावर काही गेमचा सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सर्वांसाठी खुला झाला.

अर्थात सरासरी मोठी असली तरी डोकी कमीच. फेब्रुवारी २०१३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम हे आपलं गेमचं ऑनलाइन दुकान लिनक्सवर आणलं, त्यानंतरही कितीतरी वर्षं तिथल्या खेळाडूंमध्ये लिनक्सचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच घुटमळत राहिला. एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी वेगळी आवृत्ती काढायची, तपासायची, तक्रारी निस्तरायच्या, हे परवडणार कोणाला? २०१८ मध्ये आलेल्या ‘प्रोटॉन’ या सॉफ्टवेअरने ही अडचण बरीचशी सोडवली, कारण विंडोजसाठी बनलेले पुष्कळ गेम आता बदल न करता लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्रही याच जोरावर उभं आहे. ते विकत घेणाऱ्या कित्येकांना आत लिनक्स आहे याचा पत्ताही नसेल.