‘डोळ्याबद्दल डोळा’ : ज्यू न्यायालयात खरोखर डोळे काढत होते का?

ज्यू धर्म म्हणजे सूडाचा धर्म, असं सांगताना पुरावा म्हणून एकच ओळ पुढे केली जाते : ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’. ओळ खरी आहे, तोरा म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातलीच (त्यातल्या ‘निर्गम’ या पुस्तकात, 21:24). पण पारंपरिक ज्यू कायदा तिचा अर्थ तसा लावत नाही.

इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या मौखिक कायद्याच्या संग्रहात, दुसऱ्याला इजा करणाऱ्यावर पाच देणी ठेवली आहेत : नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली कमाई आणि झालेली अप्रतिष्ठा. सगळी पैशात. मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ म्हणजे तालमूद; त्यातले रब्बी (ज्यू धर्मपंडित) यावर पानंच्या पानं वाद घालतात. आंधळ्यानेच कुणाचा डोळा फोडला तर त्याचा काय काढणार? शिवाय तोरातलंच ‘गणना’ हे पुस्तक (35:31) म्हणतं, खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका. म्हणजे अवयवाबद्दल घेता येते, असा त्यांचा तर्क. वकिली डोकं म्हणा हवं तर!

रब्बी एलिएझर यांचं ‘डोळा म्हणजे खरोखर डोळाच’ हे मतही तालमूदने नोंदवलंय, पण लगेच त्याची वेगळी फोड केली आहे.

टीकेला जागा उरते ती वेगळीकडे. नुकसान मोजायचं कसं? जखमी माणूस गुलाम म्हणून बाजारात विकला असता तर किंमत किती घटली असती, त्यावरून. आज हे वाचताना खटकतं, आणि खटकायलाच हवं.