स्त्रीबीजदाती आणि सरोगेट माता : गल्लत कुठे होते?

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा ही ‘टेस्ट ट्यूब बेबी’ (शरीराबाहेर बीजाचे फलन करून झालेले मूल) जन्माला आली, तेव्हा बीज आणि गर्भाशय एकाच आईचे होते. मात्र फलन शरीराबाहेर होऊ लागल्यामुळे बीज एकीचे आणि गर्भाशय दुसरीचे असणे शक्य झाले, आणि आज मुंबईत कुणी या दोघींपैकी कोणाचीही मदत घेतली तरी लोक सरसकट ‘सरोगसी केली’ असेच म्हणतात. ही गल्लत केवळ शब्दांची नाही.

स्त्रीबीजदातीचे मुलाशी जनुकीय नाते असते, पण ती त्याला पोटात वाढवत नाही. सरोगेट माता नऊ महिने गर्भ वाढवते. मात्र स्वतःचे बीज देण्यास तिला कायद्याने मनाई आहे. दोघींसाठी २०२१ चे दोन स्वतंत्र कायदे आहेत. सरोगेट विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली आणि २५ ते ३५ वर्षे वयाची असावी लागते. वैद्यकीय व अन्य विहित खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा यांपलीकडे तिला मोबदला देता येत नाही. दाती २३ ते ३५ वयाची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे काढू नयेत, असे बंधन आहे.

सरोगेटचे वाढते पोट सर्वांना दिसते, म्हणून तिची चर्चा होते. दातीचे कष्ट मात्र कुणाच्या नजरेस पडत नाहीत. साधारण दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन, मधूनमधून सोनोग्राफी, आणि शेवटी भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजे काढणे. बहुधा त्याच दिवशी ती घरी परतते. क्वचित अंडाशय अतिउत्तेजित होऊन पोटात पाणी साठते, श्वास घेणे जड जाते आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागते. तिचा विमा मात्र बारा महिन्यांचाच. माझ्या मते बीजांच्या संख्येवरील मर्यादा तिच्यासाठी सर्वांत मोलाची आहे, आणि ती पाळली जाते की नाही याची तपासणी कठोरपणे व्हायला हवी.

या गल्लतीची झळ मुलांनाही बसते. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात पत्नीच्या धाकट्या बहिणीने बीज दिले होते आणि जुळ्या मुली सरोगसीतून जन्मल्या होत्या. पुढे पती मुलींना घेऊन वेगळा राहू लागला, आणि बीज देणारी बहीण हीच जैविक आई असल्याने पत्नीला मुलींवर हक्क नाही, असा युक्तिवाद त्याने केला. न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी तो फेटाळला: बीजदान केल्याने बहिणीला पालकत्वाचा कायदेशीर हक्क मिळत नाही, असे सांगून त्यांनी आईला पाच वर्षांच्या मुलींना नियमित भेटण्याची अंतरिम मुभा दिली.