परदेशी देणगी: पावती फाडण्याआधी पासपोर्ट विचारा
(आमच्या न्यास व संस्था ग्राहकांसाठी)

मागच्या दिवाळीत एका संस्थेचे सचिव चेक घेऊन ऑफिसात आले. न्यू जर्सीचा पुतण्या गावी आला होता, त्याने वाचनालयाच्या छपरासाठी पन्नास हजार दिले होते. चेक इथल्याच बँकेचा, रुपयांतला. “घरचाच मुलगा, यात परदेशी काय?” पुतण्याने दोन वर्षांपूर्वी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते. म्हणजे ही परदेशी देणगीच, आणि संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी नाही; तिच्याशिवाय अशी देणगी घेता येत नाही. चेक खात्यात भरला नव्हता म्हणून निभावले.

देणारा भारतीय पासपोर्टवर परदेशात राहत असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी नव्हे. ओसीआय कार्डवाला (मूळचा भारतीय, पण आता दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असलेला) मात्र परदेशी नागरिकच. नातेवाइकाकडून वर्षाला 10 लाखांपर्यंत सरकारला न कळवता घेता येतात, हे खरे. पण ती सवलत व्यक्तीला आहे, संस्थेला नाही. इथेच सर्वात जास्त गल्लत होते.

नोंदणी असलेल्यांसाठी सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने बरेच बदलले. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, मग तिचीही नोंदणी असली तरी. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. लहान संस्थांना ही जाचक आहे, असे आमचे स्पष्ट मत. पण शाळेतल्या शिक्षकांचे, दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पगार प्रशासकीय खर्चात धरू नका. पुष्कळ जण उगाच धरतात.

“पाण्यासाठी रास्ता रोको केला तर नोंदणी जाईल का?” हाही नेहमीचा प्रश्न. 2011 च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको करणाऱ्या संस्थेला राजकीय ठरवण्याची सोय होती, आणि राजकीय ठरलेल्या संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मुरड घातली: सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसेल, तर केवळ लोकांच्या प्रश्नावर उतरल्याने संस्था राजकीय ठरत नाही. त्याच वर्षी नियमही तसा बदलला. तेव्हा तहसीलदारांना निवेदन खुशाल द्या. पक्षाच्या मंचावर संस्थेचा फलक नको.

अमेरिकेत 1938 पासूनचा कायदा परदेशी धन्यासाठी सरकारदरबारी रदबदली करणाऱ्याला नोंदणी करायला लावतो. आपला कायदा माणसापेक्षा पैशाच्या मागे जातो, म्हणून आम्हीही आधी बँक खातेच बघतो.

नोंदणी असलेल्यांचे एफसी-4 (परदेशी देणगीचे वार्षिक विवरण) 31 डिसेंबरपर्यंत; वर्षभरात एक पैसा आला नसला तरी शून्याचे भरावेच लागते. त्यासाठी दिल्लीच्या खात्याचा मार्चअखेरचा उतारा दसऱ्याच्या आत आमच्याकडे पोचवा.