उच्च एन्ट्रॉपी मिश्रधातू

पाच किंवा अधिक मूलद्रव्ये जवळपास सारख्या प्रमाणात घेऊन तयार केलेले मिश्रधातू. प्रत्येक मुख्य मूलद्रव्याचा वाटा, अणूंच्या संख्येने मोजल्यास, साधारण ५ ते ३५ टक्के असतो. पोलादात लोखंड, पितळेत तांबे, असा एक धातू प्रमुख आणि बाकीचे त्याच्या सोबतीला, ही धातुविद्येची जुनी रीत इथे मोडली जाते.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. रंगनाथन यांनी २००३ मध्येच ‘करंट सायन्स’मधून अशा बहुधातुक मिश्रणांकडे लक्ष वेधले होते. २००४ मध्ये तैवानचे जिएन-वेई येह आणि ऑक्सफर्डचे ब्रायन कँटर यांचे स्वतंत्र शोधनिबंध आले. कँटर यांच्या गटाने वीस मूलद्रव्ये प्रत्येकी ५ टक्के घेऊन वितळवली, तेव्हा हाती आला तो ठिसूळ, अनेक प्रावस्थांचा, म्हणजे वेगवेगळ्या रचनेच्या भागांचा गोळा. पण त्यातल्या एका प्रावस्थेत क्रोमियम, मँगॅनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेल विशेष प्रमाणात होते. हीच पाच समप्रमाणात घेतल्यावर एकच प्रावस्था मिळाली. या मिश्रणाला आज कँटर मिश्रधातू म्हणतात. द्रवरूप नायट्रोजनइतक्या थंडीत बहुतेक पोलादे ठिसूळ होतात, हा मात्र अधिक बळकट होतो आणि चिवटपणाही टिकवतो.

पाच मूलद्रव्यांच्या समप्रमाण मिश्रणाची विन्यास एन्ट्रॉपी, म्हणजे अणूंच्या सरमिसळीतून येणारी अव्यवस्था, वायू स्थिरांकाच्या १.६१ पट भरते. तापमान जितके जास्त तितकी ही एन्ट्रॉपी घन द्रावणाची (अणू एकमेकांत मिसळलेल्या एकजीव घनाची) मुक्त ऊर्जा खाली आणते, म्हणजे ते अधिक स्थिर होते, आणि धातूंची आपापसांतली ठिसूळ आंतरधातवीय संयुगे मागे पडतात, असा मूळ तर्क. तो अर्धाच खरा आहे. कँटर मिश्रधातू ५०० अंश सेल्सिअसला ५०० दिवस ठेवल्यावर त्यात नव्या प्रावस्था उपजल्या. नावातली एन्ट्रॉपी सगळे श्रेय घेते, पण खरे मोल घटक निवडण्याच्या मोकळिकीत आहे.

कोबाल्ट, टँटलम, हाफ्नियम हे महाग धातू. त्यामुळे अख्खा भाग या मिश्रधातूचा करण्यापेक्षा साध्या पोलादावर त्याचा थर देणे अधिक शहाणपणाचे. लेसर क्लॅडिंगमध्ये भुकटी लेसरने वितळवून पृष्ठभागावर बसवतात. ॲल्युमिनियम-कोबाल्ट-क्रोमियम-लोह-निकेल या गटात ॲल्युमिनियम वाढवले की स्फटिकरचना पृष्ठकेंद्रित घनाकडून (घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू) शरीरकेंद्रित घनाकडे (घनाच्या मधोमध अणू) सरकते. थर कठीण होतो, पण तडकण्याची भीतीही वाढते. शिवाय खालच्या पोलादातले लोह वितळून थरात मिसळते आणि ठरवलेले प्रमाण बिघडते. औष्णिक फवारणीत, म्हणजे तापवलेली भुकटी वेगाने फवारून थर देताना, ही मिसळ फारशी होत नाही. तिथे सच्छिद्रता आणि थरात अडकलेली ऑक्साइडे त्रास देतात. कापणीच्या हत्यारांसाठी स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून ते पृष्ठभागावर बसवण्याच्या पद्धतीने) या धातूंच्या नायट्राइडांचे, म्हणजे नायट्रोजनशी झालेल्या संयुगांचे, काही मायक्रोमीटर जाडीचे कठीण पापुद्रे चढवतात.

ऊर्जाक्षेत्रात चित्र अजून प्रयोगशाळेपुरतेच आहे. टायटॅनियम-व्हॅनेडियम-झिर्कोनियम-नायोबियम-हाफ्नियम या मिश्रधातूत दर धातू-अणूमागे हायड्रोजनचे २.५ अणू साठवता येतात, असे २०१६ मध्ये दिसले. आकडा मोठा, पण धातूच जड असल्याने वजनाच्या हिशेबात फायदा आटतो. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी क्षणार्धात तापवून लगेच थंड करण्याच्या पद्धतीने आठ धातूंचे एकजीव नॅनोकण बनवले. अशा कणांकडे उत्प्रेरक म्हणून पाहिले जाते. नायोबियम-मॉलिब्डेनम-टँटलम-टंगस्टन १६०० अंशांनाही ताकद राखतो, मात्र खोलीच्या तापमानाला ठिसूळ असल्याने त्याला आकार देणे अवघड. अणुभट्टीसाठी कोबाल्ट वगळावा लागतो, कारण न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्याचा किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतो.