मृत्युपत्र : हिंदू कायदा व त्यातील सुधारणा

आपल्या पश्चात मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी हे सांगणारा, करणारा हयात असेपर्यंत केव्हाही बदलता किंवा रद्द करता येणारा लेख म्हणजे मृत्युपत्र. भारतात त्याचे नियमन मुख्यतः १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने होते. मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या व्यक्तीची मिळकत मात्र तिच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे वारसांकडे जाते. गेल्या शतकातील सुधारणांचा जवळजवळ सगळा रोख या दुसऱ्या शाखेवर राहिला. मृत्युपत्राचा कायदा त्या मानाने १८६५ च्या उत्तराधिकार अधिनियमात होता तसाच उरला, आणि वारसा कायद्याने दिलेला हक्क मृत्युपत्राने काढून घेता येतो ही स्थिती त्यातूनच आली आहे. प्रस्तुत नोंदीत प्राधान्याने हिंदू कायद्याचा विचार केला असून मुस्लिम कायदा व गोव्यातील कायदा तुलनेपुरता घेतला आहे.

उगमाचा वाद : प्राचीन हिंदू समाजात मृत्युपत्र होते किंवा नाही यावर अभ्यासकांत एकमत नाही. मनु, याज्ञवल्क्य, नारद यांच्या स्मृतींत दायविभाग, दान, ऋणादान यांचे तपशीलवार विवेचन आहे. मृत्यूनंतर अंमलात यावयाच्या व्यवस्थापत्राचे स्वतंत्र प्रकरण नाही. एकत्र कुटुंबात मुलाला जन्मतःच हक्क मिळतो असे मानणाऱ्या मिताक्षरा पद्धतीत अशा लेखाला जागाही थोडीच होती. ज्याच्या वाट्याचे माप मरेपर्यंत ठरत नाही आणि मरताक्षणी जो वाटा हयात समाईकदारांत मिसळून जातो, तो कोणाला लिहून द्यायचा कसा?

तरीही बीजरूपाने कल्पना होती असे म्हणणाऱ्यांचा आधार कात्यायनस्मृतीतील एक वचन आहे. धर्मकार्यासाठी जे द्यावयाचे म्हणून माणसाने, निरोगी असताना वा आजारात, बोलून ठेवले ते न देताच तो मेला, तर मुलाकडून ते देववावे, असा त्याचा आशय. कात्यायनाचा काळ सामान्यतः इ. स. चौथे ते सहावे शतक असा धरतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी मृत्युपत्राच्या संदर्भात या वचनाची दखल घेतली आहे. मात्र वचनातील बंधन वचनपूर्तीचे आहे आणि तेही धर्मदायापुरते. वारसाला वगळून परक्याला मिळकत देण्याची मुभा त्यातून काढणे ओढाताणीचे वाटते.

दुसरा पक्ष मृत्युपत्र हे इंग्रजी अंमलाचे अपत्य मानतो. १७२६ च्या सनदेने कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील मेयर न्यायालयांना मृत्युपत्रे प्रमाणित करण्याचा अधिकार मिळाला आणि या शहरांतील धनिक व्यापाऱ्यांना इंग्रज शेजाऱ्यांची रीत रोज दिसू लागली. आज माहीत असलेले सर्वांत जुने हिंदू मृत्युपत्र म्हणून प्लासीच्या कटातील उमीचंदाच्या १७५८ च्या मृत्युपत्राचा उल्लेख सहसा केला जातो. ते कलकत्त्याचेच आहे हे या मताला पोषक ठरते. मुसलमानी अंमलातील वसीयतीचा (मुस्लिम कायद्यातील मृत्युपत्राचा) परिणामही काहींनी सुचवला आहे. तो असंभाव्य नाही. पण तसे असते तर वसीयतीवरची एक-तृतीयांशाची मर्यादाही कुठेतरी सोबत आलेली दिसली असती. ती आलेली नाही.

बंगालात ही प्रथा लवकर रुजली याचे कारण जीमूतवाहनाच्या दायभागात, म्हणजे बंगालात प्रमाण मानल्या गेलेल्या वारसाविषयक ग्रंथात, शोधावे लागते. तेथे मुलाला जन्मसिद्ध हक्क नाही. बाप हयात असेतो मालक बापच. शिवाय शंभर वचनांनीही घडलेली गोष्ट न घडलेली करता येत नाही, या दायभागातील सूत्राचा आधार घेऊन बापाने केलेले हस्तांतर निंद्य असले तरी वैध, असा अर्थ न्यायालयांनी स्वीकारला. राममोहन रॉय यांनी १८३० मध्ये वडिलोपार्जित मिळकतीवरील बंगाली हिंदूंच्या हक्कावर निबंध लिहून हेच मत मांडले होते. मिताक्षरा प्रदेशांत वाद अधिक काळ चालला. अखेर १८६७ च्या एका निवाड्यात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयाने) प्राचीन ग्रंथांत उल्लेख नाही एवढ्यावरून हिंदूला मृत्युपत्राचा अधिकार नाही असे म्हणण्याची वेळ निघून गेली आहे, असे स्पष्ट केले. उगमाचे काहीही असो, व्यवहाराच्या दृष्टीने प्रश्न तेथे मिटला. एकूण पुरावा पाहता मृत्युपत्राचा साचा इंग्रजी व त्याचा शास्त्राधार दानाच्या नियमांचा, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

हे मत १८७२ च्या टागोर खटल्याने बळकट केले. प्रसन्नकुमार टागोर यांनी ख्रिस्ती झालेला एकुलता मुलगा ज्ञानेंद्रमोहन याला वगळून आपली प्रचंड मिळकत विश्वस्तांमार्फत पुढील पिढ्यांतील पुरुषांकडे जावी अशी रचना केली होती. दान घेणारा दानाच्या वेळी अस्तित्वात हवा, मृत्युपत्र दानासारखेच, म्हणून मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूवेळी जन्मालाही न आलेल्याला काही देता येत नाही. तसेच कायद्याला अपरिचित असा वारसाक्रम खासगी लेखाने निर्माण करता येत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरवले. मुलाला वगळण्याच्या बापाच्या अधिकाराला मात्र धक्का लागला नाही. न जन्मलेल्यांविषयीचा नियम पुढे १९१४ च्या मद्रासच्या व १९१६ च्या केंद्रीय अधिनियमाने सैल करण्यात आला.

विधीकरण : १८६५ चा उत्तराधिकार अधिनियम हिंदूंना लागू नव्हता. हिंदू मृत्युपत्र अधिनियम १ सप्टेंबर १८७० पासून लागू झाला, तोही बंगाल प्रांत आणि मद्रास व मुंबई या शहरांपुरता. परिणामी मुंबईत हिंदूचे मृत्युपत्र लेखी, सहीचे व साक्षांकित असावे लागे. पुण्यात किंवा साताऱ्यात तोंडी सांगितलेले मृत्युपत्रही चाले. हा भेद १ जानेवारी १९२७ रोजी संपला. तेव्हापासून सर्व हिंदू मृत्युपत्रांना लेख व साक्षांकन आवश्यक झाले. हिंदू या संज्ञेत येथे बौद्ध, शीख व जैनही येतात.

साक्षांकनाचा नियम (१९२५ च्या अधिनियमाचे कलम ६३) दिसतो तितका सरळ नाही. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा, अथवा त्याच्या समक्ष व सांगण्यावरून दुसऱ्याने सही करावी. किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने ती सही होताना पाहिलेली असावी किंवा ‘ही सही माझी’ अशी कबुली खुद्द करणाऱ्याकडून ऐकलेली असावी, आणि मग करणाऱ्याच्या समक्ष आपली सही करावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. करणारा मात्र दोघांच्याही सहीच्या वेळी समोर हवा. शेजाऱ्याकडे कागद पाठवून ‘साक्षीदार’ या शब्दाखाली सही आणण्याची सवय येथे घातक ठरते. मृत्युपत्र शाबीत करताना हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला न्यायालयात उभे करावे लागते (पूर्वी पुरावा अधिनियमाचे कलम ६८, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, कलम ६७), आणि उलटतपासात तो ‘माझ्यासमोर सही झाली नाही’ म्हणाला की सुबक टंकलिखित लेखही अडचणीत येतो. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक. नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र सिद्ध झाले असे होत नाही, हे पक्षकारांना सहसा पटत नाही.

संशयास्पद परिस्थितीचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या निवाड्यात मांडले. सही डळमळीत असणे, करणाऱ्याची मनःस्थिती दुबळी असणे, जवळच्या वारसाला कारणाविना वगळणे, ज्याला लाभ होतो त्यानेच लेख तयार करविण्यात पुढाकार घेणे अशा बाबी असतील तर न्यायाधीशाच्या सदसद्विवेकबुद्धीचे समाधान करण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर राहतो. व्यवहारात मोकळ्या मृत्युपत्राधिकारावरचा हाच खरा लगाम आहे, आणि तो विधिमंडळाने घातलेला नाही.

वारसा कायद्यातील सुधारणा : मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या पुढाकाराने आलेल्या १९३७ च्या अधिनियमाने विधवेला नवऱ्याच्या वाट्यात मर्यादित हक्क मिळाला. त्यातील त्रुटींमुळे १९४१ मध्ये बी. एन. राव समिती नेमली गेली. पुण्याच्या विधि महाविद्यालयाचे प्राचार्य ज. र. घारपुरे तिचे सदस्य होते. समितीच्या मसुद्यातून हिंदू संहिता विधेयक आले. ते मागे पडल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला, हा इतिहास परिचित आहे. १७ जून १९५६ पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलगी, विधवा व आई यांना मुलाच्या बरोबरीने वारसांच्या पहिल्या वर्गात आणले.

त्याच अधिनियमाच्या कलम ३० कडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. एकत्र कुटुंबातील अविभक्त वाटा मृत्युपत्राने देता येत नाही, हे मुंबई इलाख्यातून गेलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १८८० मध्ये पक्के केले होते. कलम ३० ने तो अडसर काढला. म्हणजे ज्या कायद्याने मुलीला वारस केले, त्यानेच तिला मृत्युपत्राने वगळण्याची वाट पूर्वीपेक्षा रुंद केली. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच वाटा असणाऱ्या, केले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची अट गेली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही असे ठरवले. मुलीचा हा स्वतःचा वाटा बाप आता मृत्युपत्राने काढून घेऊ शकत नाही. बापाचा स्वतःचा वाटा व त्याची स्वकष्टार्जित मिळकत मात्र तो सर्वस्वी मुलाला लिहून देऊ शकतो. ग्रामीण महाराष्ट्रात याहून सोपा मार्ग रूढ आहे : वारसनोंदीनंतर बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतले जाते आणि सातबाऱ्यावर भावांचीच नावे राहतात.

मृत्युपत्राधिकारावर मर्यादा घालावी, निदान काही हिस्सा पत्नी व मुलांसाठी राखून ठेवावा, ही सूचना विधि आयोगापुढे स्त्रियांच्या संपत्तिहक्कांवरील १७४ व्या अहवालाच्या (२०००) वेळी आली होती; आयोगाने ती स्वीकारली नाही. वगळलेल्या आश्रितांना उपाय आहे तो पोटगीचा : हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे मृत्युपत्राने काहीच न मिळालेला आश्रित मिळकतीतून निर्वाह मागू शकतो. कमावत्या मुलीला त्याचा उपयोग बहुधा नाही.

राखीव हिस्सा ही कल्पना भारताला परकी मात्र नाही. मुस्लिम कायद्यात देणी भागवून उरलेल्या मिळकतीच्या एक-तृतीयांशापलीकडची वसीयत इतर वारसांच्या संमतीविना चालत नाही. वारसालाच वसीयत करण्याबाबत सुन्नी व शिया पंथांत फरक आहे. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेनुसार सक्तीच्या वारसांसाठी निम्मी मिळकत राखीव असते आणि ही व्यवस्था २०१२ च्या गोवा उत्तराधिकार अधिनियमातही कायम आहे. गोव्याच्या सीमेवरील बांद्याच्या अलीकडे व पलीकडे राहणाऱ्या दोन भावंडांना बापाच्या मृत्युपत्राविरुद्ध मिळणारे संरक्षण त्यामुळे सारखे नसते.

प्रोबेट व अलीकडील बदल : मृत्युपत्राखालील हक्क न्यायालयात प्रस्थापित करण्यापूर्वी प्रोबेट (मृत्युपत्र प्रमाणित करणारा न्यायालयाचा दाखला) घेण्याची सक्ती (१९२५ च्या अधिनियमाचे कलम २१३) १८७० चीच भौगोलिक चौकट पुढे चालवत होती. दादरमधील सदनिकेसाठी ती लागे, पुण्यातील सदनिकेबद्दल पुण्यात केलेल्या मृत्युपत्राला लागत नसे. मुसलमान तिच्यातून वगळलेले होते, आणि २००२ पासून भारतीय ख्रिस्तीही. विधि आयोगाने २००८ च्या २०९ व्या अहवालात हे कलम काढून टाकण्याची शिफारस केली. ते २०२५ च्या निरसन व सुधारणा अधिनियमाने वगळण्यात आले. प्रोबेट घेता येतेच, फक्त सक्ती गेली. वादग्रस्त मृत्युपत्रांत ते घेणे पुढेही हिताचे ठरेल असे दिसते. ख्रिस्ती व्यक्तींच्या धर्मादाय मृत्युदानांवर निर्बंध घालणारे त्याच अधिनियमाचे कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच घटनाबाह्य ठरवले होते.

निपुत्रिक विवाहितेच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर नवऱ्याच्या पश्चात सासरच्या वारसांना माहेरच्यांआधी हक्क देणारे १९५६ च्या अधिनियमाचे कलम १५ विधि आयोगाच्या २०७ व्या अहवालानंतरही तसेच आहे. अशा स्त्रीसाठी आज तरी मृत्युपत्र हाच खात्रीचा उपाय. नामनिर्देशनाने साधारणतः मालकी मिळत नाही, हे कंपन्यांच्या भागांच्या (शेअर्सच्या) बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या पहिल्या अनुसूचीत मृत्युपत्र वगळलेले असल्याने निव्वळ इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्राला मान्यता नाही. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी संहितेत मृत्युपत्रांविषयी स्वतंत्र भाग आहे. अनुसूचित जमातींना ती संहिता लागू नाही. १९५६ चा अधिनियमही केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज त्यांना लागू होत नाही, आणि त्यांचा वारसा रूढीप्रमाणे ठरतो.